-वॉर्प १ ८ : मधूनच सुरुवात करणाऱ्याची बाजू

आत्याच्या घरी एक जुना ४८६ कॉम्प्युटर होता. आत्येभाऊ तो डॉसमध्येच चालवायचा. काळा स्क्रीन, त्यावर पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. तिथे 'डूम' एवढं रोमन अक्षरांत टाइप करून एंटर मारलं की खेळ सुरू. त्या मे महिन्याच्या सुट्टीत मी अकरा वर्षांचा होतो आणि तिसऱ्या लेव्हलच्या पुढे माझी मजल जात नव्हती. आठवी लेव्हल शेवटची आहे, तिथे दोन दांडगे राक्षस आहेत, असं नुसतं ऐकून होतो.

एका दुपारी दादाला माझी दया आली. "शेवटचं बघायचंय ना तुला? मग सरक," म्हणाला आणि नेहमीच्या शब्दापुढे त्याने थोडं जास्त टाइप केलं. डूम -वॉर्प १ ८. एंटर. मेन्यू आला नाही, 'न्यू गेम' आला नाही. मी थेट आठव्या लेव्हलमध्ये उभा होतो. संगीतसुद्धा वेगळं होतं, संथ आणि दबा धरून बसल्यासारखं. हातात फक्त पिस्तूल. काही मिनिटांत मेलो. पण बघितलं!

संध्याकाळी मोठ्या ऐटीत हे कॉलनीतल्या मुलांना सांगितलं, तर एक जण म्हणाला, "ह्यॅ, ही तर चिटिंग झाली. तू खेळलास कुठे?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. हा लेख म्हणजे उशिरा सुचलेलं उत्तर आहे.

एका ओळीत काय होतं

तुमच्यापैकी अनेकांनी खेळ कायम आयकॉनवर टॅप करूनच सुरू केला असेल, म्हणून आधी थोडं सांगतो. 'डूम' हा आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी आणलेला खेळ. मंगळाच्या उपग्रहांवरचे लष्करी तळ, तिथे घुसलेले नरकातले प्राणी आणि त्यांच्याशी एकटा लढणारा तुम्ही, एवढीच गोष्ट. मूळ खेळात तीन भाग होते आणि प्रत्येक भागात नऊ लेव्हल, त्यातली एक गुप्त. पहिला भाग फुकट वाटला जायचा. तो आवडला तर पैसे भरून बाकीचे दोन मागवायचे. आमच्याकडे अर्थातच फुकटचा होता.

डॉसमध्ये प्रोग्रॅमचं नाव टाइप करून सुरू करायचं आणि त्या नावापुढे सूचना जोडता यायच्या. याला म्हणायचं कमांड लाइन. 'वॉर्प'पुढे दोन आकडे द्यायचे, पहिला भागाचा आणि दुसरा लेव्हलचा. 'स्किल'पुढे एक ते पाच यांतला आकडा दिला की काठिण्य ठरतं. 'नोमॉन्स्टर्स' लिहिलं तर एकही राक्षस नसलेली रिकामी लेव्हल मिळते. 'रेकॉर्ड' लिहिलं की तुमच्या खेळाची नोंद होते. 'फाइल' लिहून दुसऱ्या कुणी बनवलेली लेव्हल जोडता येते. १९९४ साली आलेल्या 'डूम २'मध्ये भाग नाहीत, सलग ३२ लेव्हल आहेत. म्हणून तिथे 'वॉर्प'ला एकच आकडा पुरतो.

डूमचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. तो उघडून बघितलात तर ही सोय किती साधी आहे ते दिसतं. प्रोग्रॅम विचारतो: ओळीत 'वॉर्प' आहे का? असेल तर पुढचे आकडे घे, सुरुवातीचा भाग आणि लेव्हल तिथे बदल आणि मेन्यू न दाखवता खेळ सुरू कर. तुम्ही आधीच्या सात लेव्हल पार केल्यात का, हे कुठेच विचारलेलं नाही.

याचा एक गमतीशीर परिणाम खेळात दिसतो. एक लेव्हल संपली की पुढची सुरू होण्याआधी एक नकाशा येतो. पार केलेल्या जागांवर रक्ताचा डाग आणि पुढच्या जागेवर 'तुम्ही इथे आहात' अशी खूण. तुम्ही 'वॉर्प' वापरून थेट चौथ्या लेव्हलमध्ये उतरलात आणि ती संपवलीत, तरी नकाशावर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या जागेवरसुद्धा डाग असतात. प्रोग्रॅम फक्त शेवटचा आकडा बघतो आणि त्याच्या आधीचं सगळं झालं असं धरून चालतो.

ही वाट कुणाची?

पटकन असं वाटतं, की अडलेल्या खेळाडूंसाठी ही पळवाट ठेवली असेल. पण कोडमध्ये 'वॉर्प'चा एक भाऊ सापडतो, 'वार्ट'. तो लिहिला की प्रोग्रॅम त्या लेव्हलची कच्ची फाइल वेगळी शोधून आणतो, मग त्याच शब्दातलं शेवटचं अक्षर बदलून त्याचा 'वॉर्प' करतो आणि पुढे जातो. शेजारी प्रोग्रॅमरने स्वतःच टीप लिहिली आहे, की हा मोठाच जुगाड आहे. खेळाडूला 'वार्ट'चा काही उपयोग नाही. उपयोग आहे तो लेव्हल बनवणाऱ्याला. भिंत जरा सरकवली, दार रुंद केलं, आता आत जाऊन बघू, असं दिवसातून कितीतरी वेळा करणाऱ्याला.

म्हणजे ज्यांनी हा खेळ घडवला, तेच तो क्रमाने खेळत नव्हते. सातवी लेव्हल तपासायला दर वेळी पहिल्या सहा पार करत बसणं कुणाला परवडणार? इतकंच कशाला, पहिल्या भागातल्या बहुतेक लेव्हल बनवणाऱ्या जॉन रोमेरोने सगळ्यांना तोंडपाठ असलेली पहिली लेव्हल, 'हँगर', आपल्या लेव्हलमध्ये शेवटी बनवली. आपल्याला जी सुरुवात वाटते ती त्याच्या कामाचा शेवट होता. एक ते आठ हा क्रम नंतर लावलेला आहे. विचार करून लावलेला आहे, हे खरं, पण घडवणाऱ्यांनी स्वतःला त्यात बांधून घेतलं नाही.

आणि खेळ विकायला काढताना त्यांनी ही मागची वाट बुजवली नाही, माझ्या दृष्टीने हे महत्त्वाचं. 'वॉर्प' टाइप करणारा त्या क्षणी लेव्हल बनवणाऱ्याच्या खुर्चीत बसतो. त्याच्यासारखाच तो एकच लेव्हल सुटी उचलतो आणि उलटसुलट करून बघतो.

या मोकळेपणालाही कुंपण होतं, ते लपवत नाही. आमच्या फुकटच्या डूममध्ये 'वॉर्प २ १' लिहिलं तरी दुसरा भाग उघडायचा नाही. प्रोग्रॅम मुकाट्याने आकडा पुन्हा एकावर आणायचा. दुसऱ्यांच्या लेव्हल जोडायला गेलं तर पैसे भरून नोंदणी करा म्हणायचा. पण जे तुम्हाला दिलं होतं, त्यात कुठूनही शिरायला मनाई नव्हती.

पिस्तूल आणि ५० गोळ्या

आता 'चिटिंग'बद्दल. क्रमाने खेळणारा आठव्या लेव्हलला पोचतो तेव्हा त्याच्याकडे शॉटगन असते, चेनगन असते, बहुधा रॉकेट लाँचर असतो आणि पोतंभर दारूगोळा असतो. 'वॉर्प'ने येणाऱ्याकडे १०० टक्के तब्येत, एक पिस्तूल आणि ५० गोळ्या. संपलं.

थोडं गणित करू. आठव्या लेव्हलमधल्या त्या दोन राक्षसांना 'बॅरन ऑफ हेल' म्हणतात. प्रत्येकाला मारायला १००० एवढं नुकसान करावं लागतं. पिस्तुलाची एक गोळी ५, १० किंवा १५ नुकसान करते, म्हणजे सरासरी १०. सगळ्याच्या सगळ्या ५० गोळ्या लागल्या तरी बेरीज ५००. एक बॅरन अर्धा मरेल. दुसरा तसाच उभा. उरलेलं सगळं त्या लेव्हलच्या आतच मिळायला हवं आणि ते मिळतं. कुठलं हत्यार कुठे ठेवलंय, तिथपर्यंत जायला कशाकशाला तोंड द्यावं लागेल, गोळ्या आत्ता खर्चायच्या की राखायच्या, हे सगळं 'वॉर्प'वाल्याला बघावंच लागतं. भरल्या हाताने आलेला याच गोष्टींवरून न बघता पुढे जातो. त्याला शॉटगन दिसली तर ती फक्त चार जास्तीच्या गोळ्या असते. मला ती दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला होता.

डूमचे जुने खेळाडू याला 'पिस्तूल स्टार्ट' म्हणतात, आणि त्यांच्यात हीच पद्धत जास्त मानाची आहे. विक्रमांची परंपराही यावर उभी आहे. 'वॉर्प'ने लेव्हल निवडायची, 'स्किल'ने काठिण्य, 'रेकॉर्ड'ने नोंद. त्या नोंदीत व्हिडिओ नसतो, सेकंदाला ३५ वेळा कुठली हालचाल केली एवढंच असतं, त्यामुळे फाइल अगदी छोटी. पहिल्या लेव्हलसाठी रोमेरोने ३० सेकंदांची वेळ ठरवून दिली होती. 'अल्ट्रा-व्हायोलन्स' या काठिण्यावर १९९८ मध्ये ती ९ सेकंदांत झाली आणि तो विक्रम मोडायला २०१९ उजाडलं. अकरा वर्षांच्या मुलाला जी चिटिंग वाटली, ती या लोकांसाठी खेळण्याची सर्वांत कडक पद्धत आहे.

शिवाय खेळाचा स्वतःचा नियमही तोच आहे. मधे सेव्ह केलं नसेल आणि तुम्ही मेलात, तर डूम त्याच लेव्हलच्या तोंडाशी पिस्तूल आणि ५० गोळ्या देऊन पुन्हा उभं करतो. म्हणजे प्रत्येक मरण हे एक छोटं 'वॉर्प'च आहे. त्यामुळे लेव्हल बनवणाऱ्याला प्रत्येक लेव्हल रिकाम्या हातांनीही पार होईल अशीच रचावी लागते. पहिल्या भागाचा शेवट तर तुम्हाला एका अंधाऱ्या खोलीत नेतो आणि तिथे तुमचं मरण ठरलेलं असतं. अमर होण्याचा गुप्त शब्द वापरला असेल तरी ती खोली तो काढून घेते. दुसऱ्या भागाची सुरुवात पुन्हा पिस्तुलाने. जमवलेलं सगळं सोडून पुढे जायचं, हे या खेळातच लिहिलेलं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'वॉर्प' ही लेव्हलची परीक्षा आहे. मागच्या लेव्हलची पुण्याई नसताना ती स्वतःच्या पायांवर उभी राहते का? डूमच्या चांगल्या लेव्हल राहतात. म्हणूनच तीस वर्षांनंतरही लोक त्या सुट्या-सुट्या उचलून खेळतात आणि त्यावर वाद घालतात. जानेवारी २०१६ मध्ये खुद्द रोमेरोने डूमसाठी बऱ्याच वर्षांनी नवी लेव्हल बनवली, 'टेक गॉन बॅड'. ती होती आठव्याच लेव्हलची त्याची स्वतःची आवृत्ती. मूळ आठवी त्याची नव्हती, टॉम हॉल आणि सँडी पीटरसन यांची होती. ही नवी फाइल जोडायची, 'वॉर्प १ ८' लिहायचं आणि सुरू करायचं. २२ वर्षांनी निर्मातासुद्धा मधूनच आत आला.

क्रमाची बाजू

दुसरी बाजू मांडली नाही तर हा लेख वकिली ठरेल. क्रमाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही.

पुढे कॉलेजात असताना मी डूम एकदा नीट, पहिल्यापासून खेळलो. आठव्या लेव्हलला पोचलो तेव्हा लक्षात आलं, की दादाने मला एक गोष्ट दाखवली आणि एक हिरावून घेतली होती. सात लेव्हलमध्ये बॅरन एकदाही दिसत नाही. ओळखीचे शत्रू, ओळखीचे आवाज, आता सगळं माहीत झालं असं वाटायला लागतं. मग आठवीत दोन बाजूंनी हे दोघं बाहेर येतात. ते दचकणं माझ्या वाट्याला आलं नाही. ते कोण आहेत हे मला अकराव्या वर्षापासून माहीत होतं.

काही खेळांत तर क्रम काढला की खेळच उरत नाही. २००७ सालचा 'पोर्टल' घ्या. त्याही खेळाला सुरुवातीच्या ओळीत 'मॅप' लिहून हवी ती खोली सांगता येते. पण 'पोर्टल' तुम्हाला एकेक युक्ती शिकवत नेतो आणि पुढची खोली मागच्या खोलीत शिकलेल्यावर उभी असते. सतराव्या खोलीत तुम्हाला एक ठोकळा देतात, त्याला सोबती म्हणतात आणि शेवटी तो तुमच्याच हाताने भट्टीत टाकायला लावतात. जो थेट अठराव्या खोलीत उतरेल त्याला पुढची कोडी सुटतीलही, पण त्याचं काही गमावलेलं नसेल.

मग फरक काय? आपल्याकडे वाचनाच्या दोन्ही सवयी आहेत. ज्ञानेश्वरीचं पारायण करणारा पहिल्या अध्यायापासून अठराव्यापर्यंत क्रमाने जातो. कीर्तनकार मात्र निरूपणाला एकच अभंग घेतो आणि त्यावर अख्खी संध्याकाळ उभी करतो. त्याला कुणी म्हणत नाही, की बुवा, आधीचे अभंग का गाळलेत? कादंबरी आपण पहिल्या पानापासून वाचतो. दिवाळी अंक हातात आला की अनुक्रमणिका उघडतो आणि बोट ठेवून थेट पान १४२ गाठतो. संपादकाने क्रम विचार करूनच लावलेला असतो, पण अनुक्रमणिकाही त्यानेच छापलेली असते.

'पोर्टल' कादंबरीसारखा आहे. डूम दिवाळी अंकाच्या जवळचा आहे, आणि 'वॉर्प' ही त्याची अनुक्रमणिका. खेळ यांपैकी कुठल्या जातीचा आहे, हे कळायला हवं असेल तर तो मधून उघडून बघावाच लागतो. समीक्षा करणाऱ्याला ही सोय लागते. पहिल्या भागातली रोमेरोची सातवी लेव्हल आणि तिसऱ्या भागातली पीटरसनची सातवी एका संध्याकाळी पाठोपाठ बघायच्या असतील, तर मधली डझनभर लेव्हलची लढाई लढून ते होणार नाही. तोवर पहिलीचा तपशील डोक्यातून गेलेला असतो. 'नोमॉन्स्टर्स' जोडून तीच लेव्हल रिकामी बघितली की कळतं, खिडकी इथे का आहे, इथे उजेड कमी का केलाय. गर्दी ओसरल्यावर वाडा दिसावा तसं.

क्रम खेळणाऱ्याने पाळावा, असं मलाही बहुतेक वेळा वाटतं. पण पाळावा, असं वाटणं वेगळं आणि दुसरं दारच न ठेवणं वेगळं.

आता दार कुठे आहे?

गेल्या दिवाळीत भाचा माझ्या शेजारी बसून फोनवर खेळत होता. कँडी क्रशच्या जातीचा खेळ. खाली-वर वळत जाणारी वाट, वाटेवर आकडे, पुढच्या आकड्यांना कुलूप. तो एकाच जागी चार दिवस अडकला होता. कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात आणि संपले की दर अर्ध्या तासाने एक परत येतो. इथेही तसंच काहीतरी. थांबायचं नसेल तर पैसे. त्याने मला विचारलं, "मामा, शेवटची लेव्हल कशी असते?"

मी दादाच्या आठवणीने सवयीने म्हणायला गेलो, "सरक." आणि थांबलो. टाइप करायला ओळच नव्हती.

ती लेव्हल त्याच्या फोनमध्ये उतरली आहे की कंपनीच्या सर्व्हरवर आहे, हेसुद्धा त्याला बाहेरून कळणार नाही. मोठ्या खेळांतही चित्र फार वेगळं नाही. २०१६ सालच्या नव्या 'डूम'मध्ये हवी ती मोहीम निवडायची सोय आहे, पण आधी तिथपर्यंत पोचून ती उघडायची, मग निवडायची. जुना डूम तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून नकाशावर रक्ताचे डाग उमटवायचा. आताचे खेळ प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवतात, कारण त्या हिशेबावरच त्यांचं पोट आहे. तुम्ही जिथे अडता तिथेच त्यांचं दुकान असतं. 'वॉर्प' दिलं तर दुकान बंद.

यात नुकसान फक्त उतावळ्या मुलांचं नाही. ज्याची बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, जिला दिवसाकाठी वीसच मिनिटं मिळतात, ज्याला लढाई नको आहे पण तो महाल आतून बघायचा आहे, त्या सगळ्यांसाठी खेळाचा उत्तरार्ध कायमचा बंद राहतो. पुस्तकाची शेवटची पानं चिकटवून विकली तर आपण दुकानदाराशी भांडू. खेळांच्या बाबतीत हे आपण मुकाट चालवून घेतो, कारण पानं मोकळी असल्याचं आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कधी पाहिलेलंच नाही.

पाहायचं असेल तर अजून पाहता येतं. डूमचा कोड खुला असल्यामुळे तो फोनवर चालवणारी अॅप्स आहेत, आणि त्यांतल्या काहींत सुरुवातीची ओळ टाइप करायला जागा असते. मूळ लेव्हल विकत घ्यायच्या नसतील तर 'फ्रीडूम' नावाचा लोकांनी मिळून बनवलेला फुकट संच आहे. भाच्याचा खेळ मला उघडता आला नाही, म्हणून मी त्याला हे दिलं. पहिल्याच दिवशी त्याने आठव्या लेव्हलमध्ये उडी मारली, दोन मिनिटांत मेला, मग तिसरीत गेला, मग सहावीत. संध्याकाळी बघतो तर पहिलीपासून नीट खेळत बसला होता. मी विचारलं, "का रे?"

म्हणाला, "कुठं जायचंय ते बघून आलो ना."

कॉलनीतल्या त्या मुलाला मी हेच सांगायला हवं होतं.